राखणदार जागेचा असतो की माणसाचा?

आगरातली

बाबा गेले त्याला मार्चमध्ये वर्ष झालं. मृगाच्या आधी राखण, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला वर्षाचा मान, द्यायची आहे आणि ती या वर्षी मला द्यायची आहे. त्यावरून मनात बरंच काही साचलंय, म्हणून हा धागा काढतेय.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात. घरामागे माडांचं आगर आणि आगर संपतं तिथे काजऱ्याचं एक जुनं झाड. त्याच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीचा पाषाण आहे. डोळे नाहीत, हात नाहीत, शेंदूरही नाही. तोच आमचा राखणदार. वर्षातून एकदा नारळ, पानाचा विडा, कोंबड्याचा मान आणि दोन विड्या. बाबांनी जन्मात विडी ओढली नाही, पण या कामासाठी ते तिठ्यावरच्या दुकानातून बंडल आणायचे. दोन विड्या काढून पेटवायचे, पाषाणापुढच्या चपट्या दगडावर आडव्या ठेवायचे आणि त्या टोकापर्यंत जळेस्तोवर उकिडवे बसून राहायचे. मधेच विझली तर आजी ओट्यावरून विचारायची, "काय रे, रुसलो काय?" मग बाबा ती परत पेटवायचे. रात्री कुत्री एकदम गप्प झाली की आजी म्हणायची, "घुंगुरकाठी ऐकूक येता मां? फेरी मारता हा तो. निजा आता." आणि आम्ही खरंच निजायचो. लहानपणी त्या आवाजाची भीती कधी वाटली नाही, उलट तो आला की डोळा लागायचा.

आता मी डोंबिवलीत राहते. शेजारच्या घरातली मैत्रीण वसईची, ख्रिस्ती. तिच्या मुलाच्या पलंगावर एक चित्र आहे, मोडक्या पुलावरून दोन मुलं चाललीत आणि मागे पंखवाला दूत हात पसरून उभा. ती म्हणाली, "आमच्यात प्रत्येकाला एक असतो, जन्मापासून." मी अडकले तिथेच. आमच्याकडे जागेला एक असतो, माणसाला नाही. मग गाव सोडून आलेल्या माणसाचं काय? तीस वर्षं मी इथे राखणदाराविना राहतेय का?

दुसरी गोष्ट. चुलतभावाला आगराचा त्याचा हिस्सा विकायचा आहे आणि पाषाण त्याच्याच हिश्श्यात येतो. जागा विकली की राखणदाराचं काय होतं? वेगवेगळ्या समाजांतली माणसं इथे आहेत, म्हणून विचारते. तुमच्या घरी काय सांगतात?

---

वसईची_वाट

ताई, शीर्षक बघूनच धागा उघडला. ते चित्र आमच्याही घरी होतं, काचेला बुरशी धरलेलं.

आमचा रक्षक दूत माणसाचाच. मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशू लहान मुलांबद्दल म्हणतो की त्यांचे दूत स्वर्गात नेहमी पित्याचं मुख पाहत असतात. ९१ व्या स्तोत्रातही आहे, तुझ्या सगळ्या मार्गांत तुला राखावं अशी तो आपल्या दूतांना आज्ञा देईल. सण २ ऑक्टोबरला असतो. गांधी जयंतीची सुट्टी, त्यामुळे शाळेच्या वयात सकाळच्या मिस्साला न जाण्याचं निमित्तच मिळायचं नाही!

मला सगळ्यात आवडते ती बायबलमधल्या तोबितच्या पुस्तकातली गोष्ट. तरुण तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो, निघतानाच एक सोबती मिळतो आणि तो पार घरापर्यंत परत आणून सोडतो. शेवटी कळतं की तो राफाएल होता. म्हणजे सगळा प्रवास त्याने वाटाड्या म्हणून केला, पंख न दाखवता. आणि त्या प्रवासात तोबियाचा कुत्राही बरोबर असतो, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

एक मात्र सांगते, कारण यावर बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. माणूस मेल्यावर दूत होत नाही, लहान मूल गेलं तरी नाही. दूत वेगळेच निर्माण झालेले. आणि आपल्या दूताला स्वतःहून नाव ठेवू नये असंही चर्च सांगतं. तो आपला असला तरी आपल्या मालकीचा नाही.

पण तुमचा प्रश्न मलाही लागला. जागेचा कोण? वांद्र्याच्या गल्ल्यांत कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस आहेत, त्यांतले कितीतरी १८९६ ला प्लेग आला त्यानंतर उभारलेले. लोकांनी आपल्या गावठाणाच्या तोंडाशी क्रूस उभा केला आणि रात्री तिथे जमून प्रार्थना म्हटली. माणसामागे दूत असताना वेशीवर क्रूस का लागला? भीती साऱ्या गावाची होती, म्हणून राखणही साऱ्या गावाची लागली असेल. माझी एवढीच समजूत.

---

तांडेल_मालवण

समुद्रात जागा खंय आसा? आज जिथं जाळं टाकलं तिथं उद्या दुसरंच पाणी. म्हणून आमचा राखणदार होडीबरोबर असतो. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला, पण रोजचा हात होडीच्या पुढच्या टोकाला लावायचा. तिथे पाय ठेवला तर माझ्या बापाने मला एकदा भर बंदरात थोबाडीत दिली होती.

११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. मी काकांबरोबर देवगडच्या समोर होतो. तेव्हा मोबाईलवर इशारा मिळायची सोय आमच्या होडीवर तरी नव्हती. वारा फिरला तसा काकांनी जाळं कापायला सांगितलं. जाळं म्हणजे वर्षाची कमाई. कोयता माझ्या हातात होता आणि हात चालत नव्हता. होडीवर आम्ही पाच जण, त्यांत एक खलाशी मुसलमान. तो त्याचं म्हणत होता, आम्ही कुणकेश्वराला हाक मारत होतो. कुणकेश्वराची कथा ठाऊक असेलच. वादळात सापडलेल्या एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस केला, वाचला आणि देऊळ बांधलं असं सांगतात. त्या दिवशी आम्हाला दिवा दिसला नाही, पावसात काहीच दिसत नव्हतं. काका पाण्याचा रंग आणि लाटेचा कल बघून विजयदुर्गाच्या खाडीत शिरले.

कोणी वाचवलं? मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "जाळा कापूची अक्कल येळेवर दिल्यान, ता त्येचा काम. कापला ता तुझा काम."

---

दाभोळ_खाडी

तांडेलदादा, अंगावर काटा आला. त्या खलाशाने काय म्हटलं असेल ते मला सांगता येईल, आयतुल कुर्सी, कुराणातली एक आयत. झोपताना ती म्हटली तर सकाळपर्यंत अल्लाकडून एक राखणारा नेमलेला असतो, असं हदीसमध्ये आहे. आमच्या घरात मुलं झोपायच्या आधी आई ती म्हणून आमच्यावर फुंकर घालायची.

आता ताईंचा प्रश्न. आमच्याकडे प्रत्येक माणसाबरोबर फरिश्ते असतात. दोघे लिहिणारे, त्यांना किरामन कातिबीन म्हणतात. एक बरं लिहितो, एक वाईट. नमाज संपताना आपण उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम करतो, तो त्यांनाही पोचतो असं लहानपणी शिकवलं. शिवाय राखणारे वेगळे. कुराणाच्या तेराव्या सूरेतली अकरावी आयत आहे, माणसाच्या पुढे-मागे पाळीपाळीने येणारे आहेत, ते अल्लाच्या हुकमाने त्याला राखतात. आणि त्याच आयतीत पुढे आहे की लोक जोवर आपल्या आतलं बदलत नाहीत तोवर अल्ला त्यांची स्थिती बदलत नाही. तुमच्या काकांनी जे सांगितलं तेच की नाही?

फरक एक आहे, तो नीट सांगतो. आम्ही फरिश्त्यांकडे मागत नाही. मागायचं फक्त अल्लाकडे. ते त्याचे कामकरी. त्यामुळे त्यांना मान, विडा असलं काही नाही.

पण जागा विकल्यावर काय, याचं उत्तर माझ्या घरात घडलेलं आहे. माझ्या आजोबांनी एका भंडारी कुटुंबाकडून माडांची वाडी घेतली. वाडीत कोपऱ्याला असाच दगड. विकणारे आजोबा व्यवहाराच्या दिवशी रडले, वाडीसाठी नव्हे, दगडासाठी. माझ्या आजोबांनी त्यांना सांगितलं, "हे माझ्या धर्मात बसत नाही, मी करणार नाही. पण तुम्ही करता ते तुम्ही करा, वाट तुमचीच." दरवर्षी ते लोक यायचे, त्यांचं करायचे. आमची आजी त्या दिवशी विहिरीचं पाणी काढून कळशी भरून ठेवायची आणि वाडीतले दोन चांगले नारळ बाजूला काढून द्यायची. अजून येतात. आता त्यांची नातवंडं येतात, गाडी घेऊन, आणि आमच्या घरी चहा पितात.

---

महाडचा_मास्तर

सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं बोलायचं आहे, कुणाची श्रद्धा दुखवायची नाही.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना त्याला भाताच्या पेंढ्यात विंचू चावला. लाल विंचू. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय थंड पडले. घरी ठरलं की त्या वर्षी राखण चुकली म्हणून हा कोप आहे. नारळ आणा, कोंबडा आणा, गाऱ्हाणं घाला. यात दोन तास गेले. मग बैलगाडीतून दवाखाना. भाऊ वाचला नाही.

मोठेपणी कळलं की तेव्हा दवाखान्यातही या विषावर धड उपाय नव्हता. आमच्या महाडच्याच डॉ. हिम्मतराव बावस्करांनी पुढे प्राझोसिन वापरून दाखवलं आणि कोकणातली कितीतरी मुलं त्यामुळे जगली. म्हणजे आम्ही वेळेवर पोचलो असतो तरी तो गेला असता कदाचित. पण ते दोन तास माझ्या आईने पुढची चाळीस वर्षं स्वतःला लावून घेतले. आणि त्याहून वाईट म्हणजे, राखण आपण चुकवली म्हणून मूल गेलं, हेही तिने स्वतःलाच लावून घेतलं.

मी जादूटोणाविरोधी कायद्याच्या बाजूने गावोगाव बोललो आहे. तो २०१३ मध्ये झाला. पाषाणापुढे विडी ठेवणाऱ्याशी माझं भांडण नाही. मूल आजारी पडल्यावर "तुमच्याकडून काय राहिलं ते आठवा" असं त्याच्या आईला विचारणारा जो कोणी असतो, त्याच्याशी माझं भांडण आहे. राखणारा जर चुकल्याबद्दल पोराला मारत असेल तर त्याला राखणदार कसं म्हणायचं? ताई, तुमची आजी सांगायची त्या राखणदाराला मी नमस्कार करीन. तो मुलांना झोपवत होता.

---

आगरातली

मास्तर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या घरातही "राखण चुकली" हे शब्द आईच्या गर्भपाताच्या वेळी बोलले गेले होते. आजी बोलली नव्हती, पण कोणी बोलत असताना तिने थांबवलंही नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

दाभोळकर दादा, तुमच्या आजोबांची गोष्ट चुलतभावाला जशीच्या तशी पाठवली आहे.

---

मलिदा

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. माहेर अलिबागकडचं, आता ठाण्यात. आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आम्ही पिढ्यान्पिढ्या सांगतो. तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली.

आमचा राखणारा म्हणजे एलियाहू हन्नाबी, एलिया संदेष्टा. तो मेलाच नाही, अग्निरथातून वर गेला. म्हणून तो कुठेही येऊ शकतो. सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात, वल्हांडण सणाच्या रात्री त्याचा पेला भरून ठेवतात. आणि आमच्या कोकणातल्या लोकांचं वेगळं म्हणजे मलिदा. पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन प्रार्थना. लग्नाआधी, नवस फेडताना, परदेशी जाताना, नवीन घर घेतलं की मलिदा. ताट तेच, जे तुमच्या सगळ्यांच्या घरी दिसेल.

आता तुमच्या प्रश्नाची गंमत बघा. तो माणसांबरोबर जगभर फिरतो, तरी अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावरच्या खुणेला आम्ही त्याच्या रथाची खूण मानतो. इस्रायलला गेलेले आमचे लोक इथे आले की त्या खडकाला जाऊन येतात. तिथे यरुशलेम जवळ असताना! माझ्या मावशीने त्या खडकावर तळहात ठेवला आणि नुसती उभी राहिली, तोंडातून शब्द नाही. मी तिच्या हातावरच्या शिरा बघत होते.

शुक्रवारी संध्याकाळी सभास्थानातून घरी येणाऱ्या माणसाबरोबर दोन दूत येतात, अशी तालमूद या आमच्या ग्रंथातली कथा आहे. दिवा लावलेला, जेवण मांडलेलं दिसलं तर चांगला दूत म्हणतो, पुढच्या शब्बाथलाही असंच असो, आणि वाईट दूतालाही 'आमेन' म्हणावं लागतं. घर अस्ताव्यस्त असेल तर याच्या उलट. म्हणजे ते चालतात माणसाबरोबर, पण बघतात घर.

---

डहाणू_चिकू

फार लिहीत नाही, वाडीत काम आहे. आम्ही जरथोस्ती, म्हणजे पारशांच्या धर्माचे. आमच्यात फ्रवशी, म्हणजे प्रत्येकाचा राखणारा आत्मा. ती जन्माआधीही असते आणि मेल्यावरही राहते. वर्षाच्या शेवटचे दहा दिवस मुक्ताद, तेव्हा घरच्या सगळ्या गेलेल्यांच्या फ्रवशी येतात म्हणून फुलं ठेवायची, घर धुऊन काढायचं. फ्रवर्दीन यश्त या स्तोत्रात सांगितलंय की पाणी सुटतं तेव्हा फ्रवशी ते आपापल्या कुळासाठी, आपापल्या गावासाठी, आपापल्या मुलखासाठी मिळवायला झगडतात. माणसाची म्हणावी तर गावासाठी भांडते. मे महिन्यात बोअरवेलचा पंप हवा ओढायला लागला की मला ते आठवतं.

---

पेडणेकरीण

आमच्या बाजूला, गोव्यात, राखणदाराला देवचार म्हणतात. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी. चुकलेल्या माणसाला वाटेपर्यंत आणून सोडतो. शिवोलीत डिसेंबराच्या शेवटाला जागर होतो, तिथे हिंदू आणि ख्रिस्तांव दोघे मिळून गावच्या राखण्याचा मान करतात. माझी ख्रिस्तांव मैत्रीण तिथलीच. आंज, म्हणजे दूत, तिच्या पाठीशी आहे आणि जागऱ्यो, म्हणजे तो राखणा, गावाच्या पाठीशी आहे, दोन्ही एकदम. तिला यात काही अडचण वाटत नाही, आणि तिला बघून मलाही वाटेनाशी झाली.

---

रानवाटा

देवरायांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. सिंधुदुर्गात मी ज्या राया पाहिल्या तिथे वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. राखणदार रागावेल म्हणून. त्यामुळे पाण्याचे झरे टिकले, धनेशाला ढोलीची झाडं उरली. मास्तरांचं म्हणणं मला पटतं, भीती वाईट. पण हीच भीती कुऱ्हाडीच्या आड उभी राहिली हेही मी पाहिलंय. आणि जिथे गावातली माणसं मुंबईला गेली, देऊळ सिमेंटचं झालं, तिथे सभामंडपासाठी राईतलीच झाडं गेली. देव मोठा झाला आणि राखायचं राहिलं. ताई, काजरा तोडू देऊ नका. पाषाण हलवता येतो, काजरा नाही.

---

वसईची_वाट

आरवलीच्या वेतोबाबद्दल कोणी सांगेल का? तो चालतो म्हणतात ना?

---

आगरातली

सांगते. आरवली आमच्याच तालुक्यात. वेतोबाची मूर्ती माणसापेक्षा उंच, उभी, आणि लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात, हातभर लांबीच्या. तो रात्री गावभर फिरतो, म्हणून चपला झिजतात. मी लहान असताना बाबांनी मला एक जोड उलटा करून दाखवला होता. तळ खरंच झिजलेला होता, टाचेकडे जास्त, एका बाजूने. बाबा म्हणाले, "आपल्या आजोबांसारखा चालतो." आजोबांना गुडघ्याचा त्रास होता. केळ्याचे घडही वाहतात. मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती.

आता राखणीचं. परवा झाली.

दोन प्रश्न होते. पहिला, मुलीने द्यायची का. शेजारच्या काकांना विचारलं, तेच गाऱ्हाणं घालतात. ते जरा वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "देवाक माणूस व्हया. तू इलंस मां?" झालं.

दुसरा, चुलतभावाचा. दाभोळकर दादांची गोष्ट वाचून तो स्वतः फोनवर आला. खरेदीखतात पाषाणापर्यंतची वाट आणि काजऱ्याखालची जागा आमच्या वहिवाटीला राहील असं लिहून घ्यायचं ठरलंय. घेणारे मुंबईचे आहेत. त्यांनी विचारलं, "दगड कसला आहे?" भावाने सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या आजोळी घाटावर म्हसोबा आहे, कळलं." वकिलाकडे कागद गेलाय, सही व्हायची आहे.

बंडल त्याच तिठ्यावरच्या दुकानातून आणलं. दुकानदाराने विचारलं नाही, नुसतं पुढे केलं, वर काडेपेटी ठेवली. कोंबडा मी दिला नाही, काकांना आधीच सांगितलं होतं. नारळ, विडा आणि भाताचा रोट ठेवला. मास्तर, तुमच्या भावाचं मनात ठेवून मी काकांना आणखी एक सांगितलं, की गाऱ्हाण्यात "चुकला माकला" म्हणाल तेव्हा "पोराबाळांवर काढू नको" हेही म्हणा. काका म्हणाले, "ता तर आमी म्हणतावच." आणि खरंच, ते होतंच त्यात. मीच आजवर नीट ऐकलं नव्हतं.

गाऱ्हाण्यात घरच्या कर्त्याचं नाव घ्यावं लागतं. "बा देवा म्हाराजा, आज हो..." इथपर्यंत काका आले आणि थांबले. चाळीस वर्षं तिथे एकच नाव होतं. सवयीने त्यांच्या ओठांवर तेच आलं, पहिलं अक्षर मला ऐकू आलं. मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी हललं नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून न बघता माझं नाव घेतलं, आणि पुढे म्हणाले, "डोंबिवलीक ऱ्हवता. थंयसरय नजर ठेव." सगळ्यांनी म्हटलं, व्हय म्हाराजा.

विड्या मी पेटवून ठेवल्या. उकिडवं बसायला गुडघे देत नव्हते, मांडी घातली. वारा होता. उजवीकडची मधेच विझली.

परत पेटवली.